गाडी म्हातारी होते, माणूस नाही

शनिवारी सकाळी साडेसातला फोन वाजला की आमच्यासारख्या आयटीवाल्यांच्या पोटात गोळा येतो. एक तर सर्व्हर पडलेला असतो, नाही तर गावाकडे कोणीतरी. गेल्या नोव्हेंबरात असाच फोन वाजला. जालन्याहून काका.

"काय रे, झोपला होता का?"

"नाही काका, उठलोच होतो." (साफ खोटं.)

"गाडी घेतली. लाल. दोन दाराची."

मी म्हटलं, असेल थार. हल्ली तालुक्याच्या गावातही चार दिसतात. तसं म्हणालोही. तर काका एकदम वैतागले. "थार तर सगळेच घेऊ रायले. ऑडी टीटी घेतली. सेकंडहँड हाये, मुंबईची. पंधरा सालचं मॉडेल."

आता काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, वय वर्षं ७१. उभा जन्म जालन्यात आणि बियाण्याच्या धंद्यात गेला. जालना म्हटलं की बाहेरच्यांना स्टीलच्या रोलिंग मिल आणि मोसंबी आठवते. पण १९६४ साली महिको इथेच सुरू झाली, आणि बी-बियाण्यांच्या पैशावर आमच्यासारखी कित्येक घरं उभी राहिली. काकांचा वाहनप्रवास म्हणजे भारताचा आर्थिक इतिहासच आहे: राजदूत, मग नंबर लावून मिळालेली चेतक, मग पद्मिनी, मारुती ८०० आणि गेली बारा वर्षं होंडा सिटी. २०१० च्या ऑक्टोबरात तेव्हाच्या औरंगाबादमधल्या मंडळींनी एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, आठवतंय? देशभर बातमी झाली होती. काकांनी ते कात्रण बरेच दिवस दुकानातल्या काचेखाली ठेवलं होतं. साठ किलोमीटरवर लोक मर्सिडीज उडवतायत आणि आपण आपले सोयाबीनच्या पिशव्या मोजतोय, हे शल्य त्यांना होतंच. ते यंदा एकाहत्तराव्या वर्षी बाहेर पडलं, इतकंच.

घरच्या ग्रुपवर अर्थातच हलकल्लोळ. ठाण्याचा चुलतभाऊ (म्हणजे काकांचाच मुलगा) म्हणाला, "अप्पांना काही कळतं का? या वयात स्पोर्ट्स कार म्हणजे विमाच इतका बसेल की गाडी परवडली." इंग्लंडमधल्या ताईने त्याला दुजोरा दिला. तिकडे वय झालं की प्रीमियम वाढतो, त्यात स्पोर्ट्स कार म्हणजे विचारूच नका, वगैरे. काकू काहीच बोलल्या नाहीत. काकू बोलत नाहीत तेव्हा समजून घ्यायचं असतं. शेवटी ठराव असा झाला, की घरातला कॉम्प्युटरवाला मी, तेव्हा मीच विम्याचे आकडे काढायचे आणि काकांना दाखवायचे. चाळीस वर्षं दुकानदारी केलेला माणूस आहे, आकडा बघितला की आपोआप शुद्धीवर येईल. थोडक्यात, काकांना नाही म्हणायची हिंमत कोणातच नव्हती, म्हणून ते काम विमा कंपनीवर ढकलायचं होतं.

*

मग मी बसलो. विमा विकणाऱ्या चारपाच साइट उघडल्या, गाडीचा नंबर टाकला. सवयीप्रमाणे एक टेस्ट केसही लिहिली: सगळे इनपुट तेच ठेवायचे आणि फक्त मालकाची जन्मतारीख बदलायची. आधी १९५४ टाकलं, आकडा आला. मग १९९९ टाकलं. आकडा तोच! मला वाटलं कॅश झालंय, पान पुन्हा लोड केलं. तोच. दोन ठिकाणी तर जन्मतारीख कोटेशन दाखवून झाल्यावर, पैसे भरताना विचारली. म्हणजे ७१ वर्षांचे काका आणि त्यांचा नुकताच लायसन्स मिळालेला नातू, दोघांनी ही लाल गाडी घेतली असती तर विमा अगदी तेवढाच पडला असता.

हे कसं काय, म्हणून खोलात शिरलो. जरा आकडेमोड आहे, पण तुम्हीही दरवर्षी डोळे मिटून पैसे भरता, तेव्हा वाचून घ्या.

आपल्याकडच्या गाडीच्या विम्याचे दोन मुख्य तुकडे असतात. एक ओन डॅमेज, म्हणजे आपल्या गाडीचं नुकसान झालं किंवा ती चोरीला गेली तर. दुसरा थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर. हा दुसरा कायद्याने सक्तीचा आहे. १९३९ च्या मोटार कायद्याखाली १९४६ पासून आणि आता १९८८ च्या कायद्याखाली.

ओन डॅमेजचे दर पूर्वी सरकारी कोष्टकातून यायचे. २००२ च्या जुलैत लागू झालेलं इंडियन मोटर टॅरिफ हे त्यातलं शेवटचं. १ जानेवारी २००७ पासून कंपन्यांना दर ठरवायची मोकळीक मिळाली, पण हिशेबाचा सांगाडा अजूनही बव्हंशी त्याच कोष्टकाचा आहे. त्यात चार गोष्टी बघतात: गाडीची आजची किंमत (आयडीव्ही), इंजिनाचे सीसी, नोंदणीचं शहर आणि गाडीचं वय. पंधराशे सीसीच्या वरच्या, मुंबई-पुण्यासारख्या झोन ए मध्ये नोंदलेल्या गाडीचे दर बघा. गाडी पाच वर्षांच्या आतली असेल तर किमतीच्या ३.४४० टक्के, पाच ते दहा वर्षं ३.६१२ टक्के आणि दहाच्या पुढे ३.६९८ टक्के. म्हणजे वय बघतात हो! फक्त गाडीचं.

हाच तो साक्षात्कार. भारतातल्या विम्याच्या लेखी गाडी म्हातारी होते, माणूस नाही.

काकांच्या गाडीची किंमत १८ लाख धरली. ३.६९८ टक्क्यांनी ओन डॅमेज ६६,५६४ रुपये. (गाडी जालन्यात नोंदलेली असती तर झोन बी, ३.५९४ टक्के, म्हणजे ६४,६९२. गाडी उभी राहणार जालन्यात, पण नंबरप्लेट मुंबईची म्हणून १,८७२ रुपये जास्त. असो.) यातून नो क्लेम बोनस वजा करायचा. क्लेम न केलेल्या पहिल्या वर्षाला २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षापासून ५०. हा बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. काकांनी सिटी विकून तिच्यावरचा ५० टक्के बोनस नव्या गाडीला आणला. उरले ३३,२८२. त्यात थर्ड पार्टीचे ७,८९७ मिळवले, १८ टक्के जीएसटी लावला, की होतात सुमारे ४८,६०० रुपये. हा झाला कोष्टकाचा हिशेब. कंपन्या वर आणखी सवलत देतात. काकांना ३९ हजारांत पॉलिसी मिळाली.

मी आकडा ग्रुपवर टाकला. ठाण्याहून बराच वेळ काही आलं नाही. काकांनी मात्र लगेच हसरा चेहरा टाकला. :-)

*

आता कोणी म्हणेल, छान झालं की. ज्येष्ठांना जाच नाही, सगळ्यांना समान न्याय. मलाही तसंच वाटलं होतं. पण जरा खरवडून बघितलं तर ही समानता नाही, हा आळस आहे.

थर्ड पार्टीचंच बघा. हे दर सरकार ठरवतं आणि निकष एकच, सीसी. १ जून २०२२ पासूनच्या दरांप्रमाणे खासगी गाडी हजार सीसीपर्यंत २,०९४ रुपये, पंधराशेपर्यंत ३,४१६ आणि त्यावर सरसकट ७,८९७. आमच्या भागात जुन्या टाटा सुमो अजून दिसतात. त्यांचं इंजिन १,९४८ सीसीचं. काकांच्या टीटीचं १,९८४. आकडे जवळपास सारखेच. पण सुमोची ताकद ७० अश्वशक्तीच्या आत आणि टीटीची २३०. घाट चढताना धापा टाकणारी सुमो आणि पापणी लवायच्या आत शंभरावर जाणारी टीटी, दोघींनी रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाला केलेला धोका कोष्टकाच्या मते एकच. पाच लिटर इंजिनाची मस्टँग आणली तरी ७,८९७च! ॲम्बेसेडर आणि फियाटच्या जमान्यात सीसीवरून गाडीचा अंदाज यायचा. आता नाही येत.

नो क्लेम बोनसची गंमत याहून मोठी. काकांनी पद्मिनीपासून आजवर एकही क्लेम केलेला नाही. पण बोनस पाचव्या वर्षीच ५० टक्क्यांवर थांबतो. म्हणजे चाळीस वर्षं नीट गाडी चालवणारा आणि पाच वर्षं नीट चालवणारा सारखाच. शिवाय हा बोनस फक्त ओन डॅमेजवर. स्वतःचा बंपर जपला त्याचं बक्षीस आहे. दुसऱ्याचा जीव जपला त्याचं नाही.

आणि गाडीच्या म्हातारपणाचा खरा दणका प्रीमियममध्ये दिसतच नाही, तो क्लेमच्या वेळी बसतो. दहा वर्षांच्या पुढच्या गाडीच्या धातूच्या भागांवर कंपनी ५० टक्के घसारा कापते, प्लास्टिक आणि रबरावर तर वय न बघताच ५०. स्पोर्ट्स कारचा एक हेडलॅम्प काय भावाने येतो ते चौकशी करून बघा. झीरो डेप्रिसिएशनचं कव्हर इतक्या जुन्या गाडीला सहसा देत नाहीत. ज्यांना म्हातारपणी जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची हौस आहे त्यांनी प्रीमियमची चिंता सोडून ही चिंता करावी.

बरं, मग इंग्लंडसारखं करायचं का? तिकडे वय हा मोठा निकष आहे. पोरांना सगळ्यात महाग, मग वयाबरोबर दर उतरतो आणि पंचाहत्तरीच्या आसपास पुन्हा चढायला लागतो. त्यात तथ्य नाही असं नाही. फार म्हाताऱ्या चालकांचे अपघात दर मैलामागे वाढतात, आणि ज्या धडकेत तिशीतला माणूस खरचटून उठतो त्यात म्हातारा माणूस दगावतो. पण वय ही शेवटी सरासरी आहे, आणि सरासरी गाडी चालवत नाही. अमेरिकेत याबाबत राज्याराज्यांत एकमत नाही. हवाईत वयावरून दर ठरवायलाच बंदी आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये ६५ च्या पुढच्यांना उलट २५ टक्के सवलत आहे. मला सगळ्यात पटलं ते कॅलिफोर्नियाचं. १९८८ साली तिथल्या मतदारांनी कायदाच करून घेतला, की प्रीमियम ठरवताना तीन गोष्टींना सर्वांत जास्त वजन द्यायचं: गाडी कशी चालवता, वर्षाला किती चालवता आणि किती वर्षं चालवताय.

हे एवढं वाचून झाल्यावर मी एक छानसा वैचारिक लेख खरडणार होतो, आणि तो इथेच संपला असता. पण मध्ये दिवाळीनंतरचा एक वीकेंड आला आणि मी जालन्याला गेलो.

*

काकांनी दुपारी फर्मान काढलं, राजूरच्या गणपतीला जाऊन येऊ. मी शेजारी बसलो. (मागच्या सीटवर फक्त नारळ आणि हार मावतात.) जाताना काय मजा आली म्हणून सांगू! काका उत्तम चालवतात. गिअर, वळणं, आरसे, सगळं कसं शिस्तीत. मी पुण्यात ज्यांच्याबरोबर कॅब शेअर करतो त्या पोरांपेक्षा शंभर पटीने बरे. मनात म्हटलं, उगाच आपण सगळे यांच्या मागे लागलोय.

परत निघायला अंधार झाला. कापसाचे दिवस. समोरून येणाऱ्या गाड्यांचे पांढरेफेक दिवे. काका थोडे पुढे वाकून, डोळे बारीक करून चालवत होते. वेग सत्तरच्या वर नव्हता. आणि मला समोर ट्रॅक्टरची ट्रॉली दिसली. कापसाने शीग लागलेली, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, वर पाचसहा माणसं बसलेली. मला दिसली. काकांना नाही. मी "काका!" म्हणून ओरडलो तेव्हा त्यांनी ब्रेक मारला. गाडी थांबली. चांगली गाडी होती म्हणून थांबली. ट्रॉलीवरच्या एका पोराने वळून आमच्या दिव्यांकडे बघितलं, बाकीच्यांना काही कळलंसुद्धा नाही.

जालना येईपर्यंत कोणी बोललं नाही. घराजवळ आल्यावर काका म्हणाले, "समोरच्याच्या लाइटनं सगळं पांढरं होतं रे. दोन वर्षं झाली. काकूला सांगू नको."

काकूंना माहीत होतं. मी आधीच म्हटलं, त्या गप्प होत्या.

त्या रात्री झोप लागेना म्हणून मी काकांचे कागद बघायला घेतले. विमा होता, पीयूसी होतं, आरसी नावावर झालेलं होतं. लायसन्सची मुदत दोन महिन्यांपूर्वी संपलेली होती. पंचावन्नच्या पुढे लायसन्स दर वेळी पाचच वर्षांसाठी मिळतं. काकांच्या लक्षात नाही, मुलाच्या नाही, माझ्या तर नाहीच. पाच साइटवर जन्मतारखा बदलून बघणाऱ्या या शहाण्याला लायसन्सवरची तारीख एकदा वाचावीशी वाटली नाही.

याचा अर्थ नीट समजून घ्या. चालू लायसन्स नसताना अपघात झाला तर ओन डॅमेजचा क्लेम कंपनी नाकारू शकते. थर्ड पार्टीचं काय? सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वरणसिंग निकालाचा इथे आधार घेतात. जखमीला किंवा मृताच्या घरच्यांना कंपनीने आधी पैसे द्यावेत, आणि मालकाच्या हलगर्जीने अट मोडल्याचं सिद्ध झालं तर ते मालकाकडून वसूल करावेत. म्हणजे ट्रॉलीवरच्या त्या पोराला काही झालं असतं तर काकांचं घर गेलं असतं. आणि तो पोरगा गेला असता, हे त्याच्याआधी. भरपाईच्या हिशेबात त्याचं वय मात्र बघितलं असतं हं. २००९ च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्याप्रमाणे वर्षाच्या कमाईला कितीने गुणायचं ते मृताच्या वयावर ठरतं: पंधरा ते पंचवीस वयाला १८, पासष्टच्या पुढे ५. आपल्या व्यवस्थेला मेलेल्याचं वय लागतं. चालवणाऱ्याचं कोणी विचारत नाही.

तर मुद्दा असा, की विमा वय विचारत नाही म्हणून वयाचा प्रश्न सुटत नाही. तो तुमच्या-आमच्या घरी येऊन बसतो. आणि आम्ही घरच्यांनी काय केलं? आम्हाला काकांच्या डोळ्यांची काळजी वाटत होती का? खरं सांगायचं तर आम्हाला त्यांची हौस खुपत होती. "या वयात" हे दोन शब्द आम्ही सगळ्यांनी वापरले, पण त्या वयाला साजेसा साधा प्रश्न एकानेही विचारला नाही: रात्री नीट दिसतं का? विम्याचा आकडा त्यांना रोखेल अशी आशा होती. तो रोखू शकला नाही म्हटल्यावर आम्ही सगळे मोकळे.

सरकारी फॉर्मचीही तीच गत. लायसन्सच्या अर्जाबरोबरच्या जाहीरनाम्यात एक प्रश्न असतो: चांगल्या दिवसाच्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का? दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांना गल्लीत उभं करून विचारलं. त्यांनी चष्मा लावून खडाखडा वाचली, वर मलाच म्हणाले, तुला येते का बघ. फॉर्म दिवसाचं विचारतो, काकांचा प्रश्न रात्रीचा होता. चाळिशीनंतर डॉक्टरचा दाखला लागतो, पण तो दाखला आपल्याकडे कसा मिळतो ते तुम्हाला माहीत आहे. तुम्हीही आणला असेल. मीही आणलाय.

*

मग करायचं काय? माझ्या मते तीन गोष्टी.

पहिली, वयावर दर लावू नका, वागण्यावर लावा. हे काही आकाशातले तारे नाहीत. २०२१ च्या जानेवारीत विमा नियामक आयआरडीएआयच्या एका गटाने वाहतुकीचे नियम मोडणाऱ्यांना जास्त प्रीमियम लावायचा मसुदा मांडला होता, दिल्लीत आधी प्रयोग करू म्हणून. २०२२ च्या जुलैत नियामकाने ओन डॅमेजमध्ये किती चालवता आणि कसं चालवता यावर प्रीमियम ठरवायची परवानगी दिली. काका वर्षाला तीन हजार किलोमीटरसुद्धा चालवणार नाहीत, तर तेवढ्याचेच पैसे त्यांनी का भरू नयेत? आणि उद्या गाडीतल्या यंत्राने सांगितलं की हे गृहस्थ रात्री सारखे उशिरा ब्रेक मारतात, तर वाढू दे प्रीमियम. तो वाढलेला आकडा अपमान नसेल, खबर असेल. हा माहितीचा मामला आहे, हे मला पोटापाण्यामुळेच कळतं. ही माहिती कोणाकडे जाते, किती दिवस राहते, हे कायद्याने बांधून घेतलं पाहिजे. पण आपण रोज कुठे जातो हे फुकट वाटून टाकणाऱ्यांनी याच एका ठिकाणी सोवळं नेसू नये. (ह. घ्या.)

दुसरी, बोनस पाच वर्षांवर थांबवू नका आणि थर्ड पार्टीलाही लावा. दुसऱ्याला न ठोकता चाळीस वर्षं गाडी चालवणं ही काही कमी कमाई नाही.

तिसरी तर अगदी सोपी. विमा घेताना गाडीचा नंबर टाकला की इंजिन नंबरापर्यंत सगळं सरकारी वाहन नोंदणीतून आपोआप भरलं जातं. लायसन्सची नोंदणीही सरकारी कॉम्प्युटरवरच असते. पॉलिसी देताना "साहेब, तुमच्या लायसन्सची मुदत अमुक तारखेला संपते" एवढी एक ओळ दाखवायला काय लागतं? आमच्या भाषेत ही दोन टेबलांची एक जॉइन क्वेरी आहे. कोणी कधी मागितली नसेल, एवढंच.

यावर एक आक्षेप मला ठाऊक आहे: म्हातारी माणसं मग डोळ्यांचं लपवतील. अहो, आत्ताही लपवतातच. प्रीमियमच्या भीतीने नाही, आपल्या भीतीने. आपण गाडीची किल्ली काढून घेऊ म्हणून. किल्ली काढून घेणारे घरात पुष्कळ असतात, डॉक्टरकडे नेणारा एखादाच असतो.

सोमवारी सुट्टी टाकली आणि काकांना गणपती नेत्रालयात नेलं. अख्ख्या मराठवाड्यातून लोक डोळ्यांसाठी जालन्याला येतात आणि आमचे काका गावात राहून गेले नव्हते. दिव्याखाली अंधार, तोही शब्दशः. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आधी एका डोळ्याचं झालं, मग महिन्याभराने दुसऱ्याचं. मग लायसन्सचं नूतनीकरण. वर्षाच्या आत अर्ज केला म्हणून पुन्हा परीक्षा द्यावी लागली नाही. तोवर लाल गाडी कव्हर घालून अंगणात उभी होती आणि काका रोज सकाळी तिला पुसत होते.

आता ते पहाटे पाचला उठतात, उजाडलं की समृद्धीवर चढतात आणि वैजापूरच्या बाजूला चहा पिऊन परत येतात. मर्यादा १२० ची आहे, पण काका शंभरावर जात नाहीत. रात्री गाडी काढत नाहीत, आणि हे त्यांचं त्यांनीच ठरवलंय. काकू आता शेजारी बसतात आणि बोलतातही.

तर मंडळी, आज-उद्या घरी फोन कराल तेव्हा बीपी आणि शुगर विचारून झालं की तिसरा प्रश्न विचारा: बाबा, लायसन्सवर तारीख काय आहे? आणि जमलं तर चौथा: रात्री समोरच्या दिव्याने पांढरं होतं का?

उत्तर लगेच येणार नाही. थोडं थांबा.